सत्तेचाळीस नंबरचा दिवा

मंगळवार, १२ मार्च
दुपारी साडेतीन

ताई,

चौदा महिन्यांनी तुला लिहिते आहे, आणि तेही एकाच इमारतीतून. तू खाली सभागृहात सत्तेचाळीस नंबरच्या आसनावर, मी वर काचेमागच्या नियंत्रण कक्षात. सरळ रेषेत मोजलं तर मध्ये एकोणीस मीटर. फोन करता आला असता, पण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते हे आपलं जुनं वाटप आहे. पत्रात ते उलटं होतं. सदस्यांच्या टपालाच्या कपाटात तुझ्या खणात ठेवते. पाकिटावर नाव घातलेलं नाही. अक्षर ओळखशील, तूच गिरवून घेतलं होतंस.

आधी कामाचं.

आज बारा वाजून दहा मिनिटांनी भ्रष्टाचारविरोधी विधेयकावर मतदान झालं. फलकावर एकोणचाळीस हिरवे दिवे, एकोणचाळीस लाल, आणि एक दिवा पेटलाच नाही. तो तुझा. मतं समसमान झाली की आपल्या सभागृहात विधेयक पडतं, अध्यक्ष स्वतःचं मत देत नाहीत. निकाल वाचायला त्यांनी चष्मा लावला तेवढ्यात तू उभी राहिलीस. "अध्यक्ष महोदय, मी हिरवं बटण दाबलं होतं. यंत्राने माझं मत घेतलं नाही."

सगळं सभागृह मान वर करून माझ्या काचेकडे बघायला लागलं. या नोकरीत माझ्याकडे कुणी बघत नाही, हेच मला तिच्यातलं सर्वांत आवडतं. आज तेही गेलं.

अध्यक्षांनी निकाल जाहीर करायचं थांबवलं. शुक्रवारी सकाळी दहाला तांत्रिक अहवाल मागितला आहे. यंत्रात दोष निघाला तर मतदान पुन्हा. दोष नसेल तर आजचा आकडा कायम, म्हणजे विधेयक पडलं. अहवाल मी लिहायचा आहे.

तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहून ठेवलेलं बरं. पूर्वी शेजारचा सदस्य चहाला गेला की लोक त्याचंही बटण दाबून टाकायचे. म्हणून दोन हातांची व्यवस्था आली. डाव्या हाताने मेजावरचं हिरवं किंवा लाल बटण, उजव्या हाताने मेजाच्या कडेखालचा स्विच, आणि दोन्ही पहिल्या घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत धरून ठेवायचे. दहा सेकंद. एक हात जरी आधी सुटला तरी मत धरलं जात नाही. आम्ही त्याला कच्चं मत म्हणतो. नवे सदस्य हमखास कच्चं मत देतात. पहिली घंटा वाजली की हात सोडून टाळ्या वाजवायला मोकळे. तू नवी नाहीस. ही तुझी दुसरी खेप आहे, आणि आजपर्यंतच्या तीनशे बारा मतदानांत तुझं एकही मत कच्चं निघालेलं नाही.

म्हणून एकच प्रश्न विचारते. तुझा उजवा हात कुठे होता?

यंत्राची आतली नोंद मी अजून उघडलेली नाही. उद्या सचिवांच्या समोर उघडेन. त्याआधी तुझ्याकडून ऐकायला मिळालं तर बरं.

माझ्या नोकरीसाठी तू केलेल्या फोनबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

तुझी धाकटी


बुधवार, १३ मार्च
संध्याकाळी पाच

ताई,

तुझं उत्तर नाही. माझं पत्र मात्र खणातून गेलं आहे, म्हणजे तू वाचलंस.

काल मी एक खोटं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. नोंद मी तुला लिहायच्या आधीच उघडली होती. तू उभी राहून बोलत होतीस तेव्हाच. हिरवं बटण पूर्ण दहा सेकंद दाबलेलं आहे. खालचा स्विच सहा पूर्णांक चार सेकंदांनी सुटला.

चुकून सुटलेला हात परत बसतो, ताई. हे मी दोन वर्षांच्या नोंदींवरून सांगते. घसरलेला हात अर्ध्या सेकंदात पुन्हा स्विच शोधतो, आणि नोंदीत त्याची खूण राहते, दोन-तीन दचके. तुझ्या नोंदीत दचका नाही. रेघ सरळ येते आणि संपते.

तुला वाटलं असेल की यंत्र फक्त मत पडलं की नाही एवढंच लिहितं. तुम्हा सगळ्यांना तसंच वाटतं, कारण ही नोंद आजवर कुणी मागितलेली नाही. यंत्र प्रत्येक हाताची वेळ लिहितं.

आज सकाळी चाचणी झाली. मी, फ्यूजकाका आणि सचिव. फ्यूजकाका म्हणजे आमचे वरिष्ठ वायरमन. इमारतीत कुठेही अंधार झाला तरी ते आधी "फ्यूज असेल" म्हणतात, मग बघायला जातात. एकतीस वर्षांत चार वेळा खरंच फ्यूज निघाला आहे.

सुरुवातीलाच मी सचिवांना सांगितलं, "साहेब, नोंदीत आणण्याची एक गोष्ट आहे. सत्तेचाळीस नंबरच्या सदस्या माझ्या सख्ख्या बहीण आहेत."

ते म्हणाले, "बाई, हे या इमारतीतल्या लिफ्टलासुद्धा माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं. लिहिलेलं असणं वेगळं."

"मग लिहा. आणि चाचणीला दुसरी सही यांची घ्या."

फ्यूजकाका तुझ्या आसनावर बसले, त्यांनी तुझ्यासारखी मान ताठ केली आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातले सगळे फ्यूज उडाले आहेत." सचिव हसले नाहीत, पण त्यांनी खोकून घेतलं. त्यानंतर वीस वेळा बटण दाबलं. वीसच्या वीस मतं पडली. स्विचची स्प्रिंग, जोडणी, केबल, सगळं उघडून पाहिलं. तुझ्या मेजाखाली एक केसांची पिन आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. डोकेदुखीच्या गोळ्या. कधीपासून घेतेस?

सचिव गेल्यावर फ्यूजकाका मेजाखालूनच बोलले. "पोरी, या जोडणीचा स्क्रू अर्धा आटा सैल आहे असं वाटतंय."

"नाही, घट्ट आहे. आत्ताच पिळून पाहिला मी."

"मी म्हणतो, वाटतंय. वाटण्याला कोण काय करणार? तू लिही, जोडणी सैल आढळली. पुन्हा मतदान होईल, तुझी बहीण सगळ्यांदेखत नीट बटण दाबेल, विधेयक पास. चोरांना चाप बसेल, घरची अब्रू राहील. अर्ध्या आट्यात एवढं काम होतंय."

"आणि उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं की आटा सैल लिही, तर?"

ते बाहेर आले, गुडघे झटकले. "तुझ्याशी बोलणं म्हणजे मीटरशी बोलणं आहे," म्हणाले. पण चाचणीच्या कागदावर त्यांनी सही केली, 'जोडणी घट्ट' या ओळीच्या अगदी खाली. विधेयक व्हावं असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्या भावाच्या पेन्शनची फाईल तीन वर्षं एका टेबलावर पडून आहे. म्हणून त्यांच्या सहीला मी जास्त किंमत देते.

गंमत बघ. मी खरं लिहिलं तर विधेयक पडतं आणि विधेयकाच्या विरोधात असलेले तुमचे गटनेते खूश. खोटं लिहिलं तर भ्रष्टाचार थांबवणारा कायदा येतो. तुमच्या गटनेत्यांनी आज जिन्यात मला नमस्कार केला. "तुम्ही फार काटेकोर आहात असं ऐकतो," म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा. हात धुवावेत असं वाटलं, आणि मी खरंच जाऊन धुतले.

आईचाही फोन आला होता. तिने बातम्यांत तुला पाहिलं. "तुझं मशीन बिघडलं म्हणे?"

"नाही बिघडलं."

"मग ती खोटं बोलते?"

"आई, मी कामावर आहे."

"तुम्ही दोघी एका छपराखाली काम करता आणि मला बातम्यांतून कळतं. तुमच्यापेक्षा तुमचे वडील बरे होते. तेही बोलायचे नाहीत, पण निदान घरात नसायचे बोलायला."

हे वाक्य मी अजून उलगडून पाहते आहे. तुला अर्थ लागला तर कळव.

शुक्रवारी सकाळी दहाला मी अहवाल देणार. यंत्र निर्दोष. सोबत तुझ्या हाताच्या वेळेचा तक्ता. यातलं एकही अक्षर बदलणार नाही. पण नियमात आणखी एक वाट आहे, ती तुला माहीत नसावी. नियम बावन्न, पोटनियम तीन. निकाल जाहीर व्हायच्या आधी सदस्याने स्वतः उभं राहून आपल्या हाताची चूक सभागृहापुढे मान्य केली, तर अध्यक्ष सगळं मतदान नव्याने घेऊ शकतात. त्यासाठी यंत्र बिघडलेलं असावं लागत नाही. सदस्याने बोलावं लागतं.

नियमाची प्रत सोबत ठेवते. ओळ मी पेन्सिलने अधोरेखित केली आहे, खोडता येईल अशी.

धाकटी


गुरुवार, १४ मार्च
सकाळी साडेनऊ

ताई,

काल संध्याकाळी जिन्यात आपलं जे बोलणं झालं ते लिहून ठेवते, कारण तू नंतर ते वेगळं आठवतेस.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तू उभी होतीस. हातात माझं पाकीट. तू म्हणालीस, "मोजपट्टी, अजून तशीच आहेस." या नावाने मला दुसरं कुणी हाक मारत नाही.

"सहा पूर्णांक चार काय, ताईला पत्र लिहितेस की पंचनामा?"

"दोन्ही."

"नऊ नंबरचं कलम वाचलंस?"

"वाचलं."

"नीट वाचलंस?"

"ताई, मी सूचना-पुस्तिकासुद्धा शेवटच्या पानापर्यंत वाचते."

मग तू आवाज खाली आणलास. "लोकप्रतिनिधीने सरकारी नोकरीसाठी कुणाची शिफारस केली तर तोही भ्रष्टाचार. मागच्या पाच वर्षांतल्या सगळ्या शिफारशी साठ दिवसांत जाहीर करायच्या, आणि जिची शिफारस झाली तिची नेमणूक रद्द. मी त्या विधेयकाला मत दिलं असतं तर तुझी खुर्ची गेली असती. चौकात उभं राहून मी लोकांना सांगितलं होतं की हिरवं बटण दाबणार. दाबलं. आणि खालचा हात तुझ्यासाठी सोडला. कळलं? तुझ्यासाठी."

"पुढचा विचार काय होता?"

"विधेयक पडलं असतं, लोकांना माझं हिरवं बटण दिसलं असतं, तू वर तुझ्या काचेत सुखी. अध्यक्ष निकाल थांबवतील हे कुणाच्या बापाला माहीत होतं?"

तेवढ्यात वरून दोन सदस्य आले, तू हसून त्यांच्या तब्येतीची चौकशी केलीस आणि त्यांच्याबरोबरच खाली उतरलीस. मला उत्तर द्यायला मिळालं नाही. ते आता देते.

माझ्यासाठी म्हणून तू एकदा फोन केलास. माझ्यासाठी म्हणून तू आता हात सोडलास. दोन्ही वेळा मला विचारलं नाहीस. लहानपणी शाळेत माझ्या चित्राला रंग भरून द्यायचीस तसंच. बक्षीस मिळायचं, पण बक्षीस घ्यायला जाताना माझे पाय जड व्हायचे, ते तुला कधी दिसलं नाही. तू टाळ्या वाजवण्यात असायचीस.

पण एवढं लिहून मी सुटत नाही. मी तुझ्यापासून जे लपवलं तेही आज लिहायला हवं, नाहीतर हा तक्ता अपुरा राहील.

तुला वाटतं की तुझ्या फोनचं मला चौदा महिन्यांपूर्वी कळलं आणि त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं. तसं नाही. मला नोकरीच्या पाचव्या दिवशी कळलं. नेमणुकांच्या टेबलावरच्या कारकुनाने मला ओळखपत्र देता देता सांगितलं, "नशीबवान आहात. चौथ्या नंबरवरून वर आलात. ताईंचा एक फोन, आणि वरचे तिघे खाली." जागा एकच होती. मी त्याला "धन्यवाद" म्हटलं आणि ओळखपत्र गळ्यात घातलं. मी खरंच "धन्यवाद" म्हटलं, ताई.

त्यानंतर दहा महिने मी दर रविवारी तुझ्याकडे जेवले. तुझ्या नवऱ्याचा मिक्सर दुरुस्त केला. काही बोलले नाही. काम आवडत होतं. मी ते चांगलं करत होते. चांगलं करते आहे म्हणजे माझंच आहे, असा हिशोब मी मनात घालून घेतला होता, आणि तो मला रोज नव्याने पटत होता.

मग एके दिवशी बाजारात, विजेच्या सामानाच्या दुकानात, काउंटरमागे ती दिसली. परीक्षेत पहिली आलेली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती स्वतःचा मीटर घेऊन आली होती, त्याला पिवळ्या कापडाचं कव्हर शिवलेलं. माझ्या शेजारच्या टेबलावर होती. मला अकरा मिनिटं लागली तो दोष तिने चार मिनिटांत शोधला होता. दुकानात तिने मला ओळखलं. "तुमचं झालं ना काम? छान," म्हणाली, आणि मला बल्ब तपासून दिला. खरंच छान वाटल्यासारखं म्हणाली. मी बल्ब घेऊन बाहेर आले आणि त्या आठवड्यापासून तुझ्याशी बोलणं सोडलं.

म्हणजे राग तुझ्यावर काढला. तुझ्या वाट्याचा होताच, पण माझ्या वाट्याचाही तुझ्याच खात्यावर घातला. हे मला माहीत होतं. आईला वाटतं मी तत्त्वासाठी अबोला धरला आहे. तत्त्व असतं तर पाचव्या दिवशी धरला असता.

आता उद्याचं. अहवालासोबत मी आणखी एक कागद देणार आहे. अर्ध्या पानाचा. त्यात लिहिलं आहे की माझी नेमणूक गुणवत्ता यादीतल्या क्रमाने झालेली नाही, सदस्या क्रमांक सत्तेचाळीस यांच्या फोनवरून झाली, हे मला नोकरीच्या पाचव्या दिवसापासून माहीत आहे, आणि मी ही जागा सोडते आहे. विधेयक होवो न होवो. तारीख घातली आहे, सही केली आहे. त्याची प्रत आज दुपारी सचिवांकडे गेलेली असेल, म्हणजे उद्या तू मला थांबवू शकणार नाहीस. तुझ्या ओळखी फार लांबवर आहेत, पण दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सचिव कुणाचाही फोन घेत नाहीत.

हे तुझ्यावर दडपण आणायला नाही. उलट. तुझ्यापुढे माझी खुर्ची होती, ती मी उचलून बाजूला ठेवली. आता विधेयक हवं की नको एवढाच प्रश्न राहिला. नको असेल तर तसं उघड लाल बटण दाब, मला चालेल. खालून सोडलेला हात चालणार नाही.

तुझं काय जाईल ते मला दिसतं. गटनेते पुढच्या निवडणुकीला तुला उमेदवारी देणार नाहीत. माझा अर्ध्या पानाचा कागद वर्तमानपत्रांत येईल आणि त्यात तुझा नंबर असेल. लोक तुला दोन दिवस हसतील. नंतर काय करतील ते मला मोजता येत नाही. पण तू लोकांपुढे उभी राहून बोलतेस तेव्हा लोक ऐकतात. ते फोन करून मिळवलेलं नाही. तेवढं तुझं स्वतःचं आहे, आणि ते मी एकोणीस मीटरवरून दोन वर्षं पाहिलं आहे.

मला भीती वाटत नाही. जेवढं तपासायचं होतं तेवढं तपासलं आहे.

धाकटी


शनिवार, १६ मार्च
सकाळी अकरा

ताई,

काल गर्दीत तुला गाठता आलं नाही. तुझ्याभोवती कॅमेरे होते, आणि मला कॅमेऱ्यांजवळ उभं राहायला जमत नाही. म्हणून हे शेवटचं पत्र. तुझ्या घराच्या पत्त्यावर.

काल सकाळी दहाला सचिवांनी माझे दोन्ही कागद वाचले. पहिला वाचून मान हलवली. दुसरा त्यांच्याकडे आदल्या दिवसापासून होता, तरी पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मतदान पुन्हा झालंच तर तुम्ही नियंत्रण कक्षात बसू शकत नाही. कळतंय ना?"

"मी तेच सुचवणार होते, साहेब."

"वायरमन बसतील."

"त्यांना फक्त सांगा, काही झालं तरी फ्यूजला हात लावू नका."

या वेळी ते हसले. मी त्यांच्या टेबलावर कक्षाच्या चाव्या ठेवल्या. चार. कपाटाची पाचवी, ती जरा अडकते, डावीकडे ओढून फिरवावी लागते, हेही सांगितलं.

म्हणजे काल मी काचेमागे नव्हते. प्रेक्षकांच्या सज्जात होते, तिसऱ्या रांगेत, एका शाळेच्या सहलीच्या मागे. तिथून सभागृह वेगळंच दिसतं. वरून तुम्ही मला नेहमी एकोणऐंशी दिवे दिसता. सज्जातून माणसं दिसली. कुणी डोकं खाजवतंय, कुणी चप्पल काढून बसलंय. तू पाण्याचा पेला तीन वेळा उचललास आणि एकदाही प्यायली नाहीस.

अध्यक्षांनी माझा अहवाल वाचला. "यंत्र निर्दोष आढळले." तुमच्या गटनेत्यांनी बाक वाजवला. समोरच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "मग दिवा भुताने विझवला का?" हशा झाला. अध्यक्षांनी चष्मा लावला. निकालाचा कागद हातात घेतला. मी खरंच मोजत नव्हते, पण साधारण पाच सेकंद गेले असतील, आणि तू उभी राहिली नव्हतीस. तेव्हा मला वाटलं, ठीक आहे. मी माझं केलं. जे वाटलं ते ठीक अजिबात नव्हतं, पण मी तो शब्द वापरला.

मग तू उभी राहिलीस.

"अध्यक्ष महोदय, यंत्राला उगाच बदनाम केलं मी. यंत्र चांगलं आहे. हात मी सोडला."

गटनेते वळून म्हणाले, "बसा खाली."

तू म्हणालीस, "दादा, सात वर्षं तुम्ही बसा म्हटलं की मी बसते. आज जरा पाय मोकळे करते." शाळेची मुलंसुद्धा हसली. मग तू लोकांशी बोलतेस तशी बोललीस. "घरातल्या एका माणसाची नोकरी वाचावी म्हणून मी हात सोडला. ती नोकरी मीच फोन करून लावली होती. त्या माणसाने काल राजीनामा दिला. मला न विचारता." इथे तू थांबलीस आणि सज्जाकडे पाहिलंस, पण चुकीच्या रांगेत. "तेव्हा आता माझ्यापाशी सबब उरलेली नाही. मला पुन्हा मत द्यायचं आहे. नियम बावन्न, पोटनियम तीन."

पोटनियम तू बरोबर म्हणालीस. मला वाटलं होतं दोन म्हणशील.

पहिली घंटा झाली. आता मला जे लिहायचं आहे ते मला नीट जमेल असं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर नोंद नव्हती. तुझा डावा हात हिरव्या बटणावर दिसत होता, सगळ्यांना दिसत होता. उजवा मेजाखाली होता. तो धरलेला आहे की सुटलेला हे तिथून कळायला काही मार्ग नाही. मी तुझ्या खांद्याकडे बघत राहिले, खांदा हलतो का. मग तेही सोडलं आणि तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. दहा सेकंद फार असतात. वरच्या कक्षात ते मला कधी जाणवले नव्हते.

दुसरी घंटा. चाळीस हिरवे, एकोणचाळीस लाल.

पुढच्या रांगेतून कुणी माझ्या हातावर थाप मारली. शाळेच्या बाई होत्या. "तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, "नाही, मी तंत्रज्ञ आहे." त्यांना हे उत्तर पुरेसं वाटलं असावं. त्यांनी मला रुमाल दिला.

बाहेर आल्यावर फ्यूजकाका भेटले. "नोंद दाखवू? तुझ्या बहिणीची. एकदम फर्मास रेघ आहे." मी नको म्हटलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही माझाच फ्यूज उडाला आहे.

यादी पुन्हा उघडली आहे. सचिवांनी पहिल्या नंबरच्या मुलीला पत्र पाठवलं. मी काल संध्याकाळी दुकानात जाऊन तिला तोंडीही सांगितलं, म्हणजे पत्र येईपर्यंत तिला काही विचित्र वाटायला नको. तिने हातातला बल्ब खाली ठेवला. मग म्हणाली, "दोन वर्षं." एवढंच. मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं, आणि तिने माफ केलं असं मी तुला लिहिणार नाही, कारण तिने तसं म्हटलं नाही. निघताना तिने विचारलं की कक्षातली केबल जुनी आहे की नवी. मी सांगितलं. वायरिंगचा नकाशा सोमवारी तिला नेऊन देते.

माझी काळजी करू नकोस. पुढच्या महिन्यात पाणीपुरवठ्याच्या पंपघरासाठी परीक्षा आहे, मी अर्ज भरला आहे. पहिली येईन. हा गर्व नाही. तो चार मिनिटांचा दोष मी आता साडेतीन मिनिटांत काढते, रोज घड्याळ लावून. फक्त तू फोनपासून लांब राहा. चुकून कुणी ओळखीचा भेटला तर "ती माझी कुणी नाही" म्हण.

आईने काल रात्रीच्या बातम्या पाहिल्या. "दोघींनी एकाच दिवशी घर बुडवलंत," म्हणाली. आणि मग, "जेवायला केव्हा येताय?" दोघींसाठी एकच क्रियापद वापरलं तिने. मी सांगितलं, ताईला विचारते.

आता या पत्राचं खरं काम. कायद्याची अंमलबजावणी सोमवारपासून, तसं विधेयकातच लिहिलं आहे. नऊ नंबरच्या कलमाखाली शिफारस जाहीर करायचा नमुना मी आणून वाचला. एकाच पानाचा आहे. वर शिफारस करणाऱ्याची सही, खाली जिची शिफारस झाली तिची, आणि दोघींनी ती अधिकाऱ्यासमोर, एकाच वेळी करायची. वेगवेगळी चालत नाही, मी विचारून घेतलं. पहिला अर्ज आपला असावा असं मला वाटतं. तळमजला, खिडकी नंबर दोन, सोमवारी सकाळी साडेदहा.

मी सव्वादहाला असेन. तू नेहमीप्रमाणे उशिरा येशील, तर रांगेत तुझी जागा धरून ठेवणार नाही. तेवढं आता बेकायदेशीर नसलं तरी. वेळेवर ये आणि माझ्या शेजारी उभी राहा.

मोजपट्टी